काठीपासून खुर्चीपर्यंत किती वर्षं? एचटीएलव्ही-१ मज्जाविकाराच्या वेगाचा आढावा

मार्टिनिक बेटावरच्या १२३ रुग्णांचा चौदा वर्षांचा मागोवा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे मज्जारज्जूला जडणाऱ्या आजाराचं वेळापत्रक त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण सहा वर्षांत निम्म्या रुग्णांच्या एका हातात काठी आली, तेरा वर्षांत दोन्ही हातांना आधार लागला आणि एकवीस वर्षांत चाकाची खुर्ची आली. पेरूमधल्या १६५ रुग्णांचा अभ्यास त्याच सुमारास, २००४ मध्ये, छापून आला होता. त्यात जवळपास पाचातला एक रुग्ण लक्षणं सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आतच आधाराशिवाय चालेनासा झालेला आढळला. शिवाय दहा-पंधरा वर्षं जवळजवळ एकाच जागी थांबलेले रुग्णही रुग्णालयांच्या नोंदींत सापडतात. विषाणू तोच आणि तक्रारींची यादीही तीच असते: पायांचा ताठरपणा, कंबरदुखी, घाईची लघवी, बद्धकोष्ठता. तरी एकाच्या वाट्याला दोन वर्षं येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला वीस. या फरकाची जी कारणं गेल्या चार दशकांत पुढे आली ती एकत्र ठेवून पाहिली, तर मला त्यांतून एकच सूत्र निघताना दिसतं. वय, लिंग, लागणीचा मार्ग, रक्तातला विषाणूभार या सगळ्या आडून मिळणाऱ्या सूचना आहेत. खरी गती ठरते ती मज्जारज्जूत पहिल्या काही वर्षांत किती जोराचा दाह चालू आहे यावर. म्हणून या आजाराचं निदान करताना ‘आजार आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘किती वेगानं चालला आहे’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे.

आजाराची ओळख पटायलाच फार वेळ लागला. जमैकात असे ताठर पायांचे रुग्ण १९५६ मध्ये वर्णिले गेले, पण कारण सापडेना. पुढे कॅरिबियन बेटं, कोलंबियाचा पॅसिफिक किनारा, सेशेल्स अशा उष्ण प्रदेशांतून तशीच वर्णनं येत गेली आणि आजाराला ‘उष्ण कटिबंधातला ताठर पायांचा अधूपणा’ अशा अर्थाचं नाव मिळालं. कुपोषण, कसावासारख्या अन्नातली विषं, जुना उपदंश अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एचटीएलव्ही-१ हा विषाणू १९८० मध्ये अमेरिकेत वेगळा केला गेला. १९८५ मध्ये मार्टिनिकमधल्या अशा १७ रुग्णांपैकी १० जणांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं सापडली, आणि पुढच्याच वर्षी दक्षिण जपानमधल्या कागोशिमात ओसामे आणि सहकाऱ्यांनी त्याच विषाणूशी जोडलेला मज्जाविकार स्वतंत्रपणे नोंदवला. दोन्ही आजार एकच, हे लवकरच मान्य झालं. जगात किमान ५० लाख ते एक कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू आहे असा अंदाज आहे. तो आईच्या दुधातून, लैंगिक संबंधातून आणि रक्तातून पसरतो. भारतात तो तुरळक आहे. विदर्भात आणि छत्तीसगडाच्या बाजूला ताठर पायांची चाल लोकांच्या ओळखीची आहे, पण तिथे कारण लाखोळीच्या डाळीतलं विष होतं. त्या आजाराशी तुलना केली की आपला प्रश्न नेमका होतो. लाखोळीनं आलेला अधूपणा बरा होत नाही, पण डाळ बंद केल्यावर तो सहसा पुढेही सरकत नाही, कारण इजा करणारी वस्तू शरीराबाहेर राहते. एचटीएलव्ही-१ शरीर सोडत नाही. म्हणून इथे इजा होऊन थांबत नाही, होत राहते, आणि ती किती जोरानं होत राहते यालाच आपण आजाराचा वेग म्हणतो.

या विषयावरच्या लिखाणात एक गल्लत वारंवार दिसते. आजार होण्याचा धोका आणि झालेल्या आजाराची गती या दोन वेगळ्या गोष्टी असूनही एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला जातो. बहुसंख्य वाहकांना हा आजार कधीच होत नाही. जपानमध्ये आयुष्यभराचा धोका पाव टक्क्याच्या आसपास, तर कॅरिबियनमध्ये दोन ते चार टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. कागोशिमातल्या अभ्यासात एचएलए-ए०२ हा जनुकप्रकार असलेल्यांमध्ये आजाराची शक्यता निम्म्यावर आली आणि डीआरबी१-०१०१ असलेल्यांमध्ये ती वाढली. निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, पण ते दाराच्या आत कोण येतं याबद्दल आहेत. आत आल्यावर कोण किती वेगानं चालतं, हे त्यांवरून थेट सांगता येत नाही. इराणमधल्या मशहद भागात हा विषाणू मुबलक आहे आणि तिथे ए०२चं संरक्षण त्याच रूपात आढळलं नाही, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. जनुकांचा वाटा नाकारण्याचं कारण नाही. रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला मात्र ‘तुमचे पाय किती वर्षं टिकतील’ याचं उत्तर आज त्यांतून देता येत नाही.

गतीबद्दलचा सगळ्यांत सातत्यानं मिळालेला पुरावा वयाचा आहे. कागोशिमातल्या दोनशेहून अधिक रुग्णांच्या विश्लेषणात उशिरा सुरू झालेला आजार लवकर बळावलेला दिसला, मार्टिनिकमध्ये पन्नाशीनंतर सुरुवात झालेल्यांच्या हातात काठी लवकर आली आणि पेरूतले वेगवान रुग्णही इतरांपेक्षा वयानं मोठे निघाले. तीन वेगळ्या समाजांत, तीन वेगळ्या पद्धतींनी, उत्तर एकच. यावर एक सरळ आक्षेप येतो: साठीच्या माणसाचे गुडघे, मणके आणि स्नायू आधीच थकलेले असतात. तेवढ्याच इजेनं त्याच्या हातात काठी येणारच, मग आजार वेगवान आहे असं का म्हणायचं? आक्षेपात तथ्य आहे, आणि वयाच्या परिणामाचा काही भाग नक्कीच त्यातून येत असणार. पण झीज हेच मुख्य कारण असतं, तर वय वाढेल तसा वेग हळूहळू चढत गेला असता. प्रत्यक्षात वेगवान रुग्णांचा वेगळा घोळका दिसतो, काही महिन्यांत पायऱ्या सोडून खाटेला टेकणारा. त्यांच्या पाठीतल्या पाण्यात दाहाच्या खुणा भरभरून असतात, आणि नुसत्या म्हातारपणानं त्या येत नाहीत. स्त्रियांबद्दलचा पुरावा वेगळ्या दिशेनं बोलतो. हा आजार स्त्रियांना पुरुषांच्या दुप्पट होतो हे सगळीकडे दिसतं. रिओ दि जानेरोतल्या २००५ च्या अभ्यासात तो स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी जाण्याआधी सुरू झालेला असेल तर, जास्त वेगानं बळावलेला आढळला. तरुण वयातली सुरुवात मंद असते हा नियम इथे मोडतो. हार्मोन आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं ध्यानात घेतलं तर हा अपवाद समजण्याजोगा आहे: स्वतःच्या शरीराविरुद्ध उलटणारे बरेच आजार याच वयातल्या स्त्रियांना जास्त गाठतात. एका शहरातल्या एका अभ्यासावर मी फार भार टाकणार नाही, पण वेगाचं मूळ वयात नसून प्रतिकारशक्तीच्या वागण्यात शोधावं, हे सांगायला तो उपयोगी पडतो.

विषाणूभाराची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि इथेच वैद्यकीय लिखाण सगळ्यांत जास्त घोटाळतं. एचटीएलव्ही-१ रक्तात मोकळा फिरत नाही. तो टी-पेशींच्या जनुकांत शिरून बसतो आणि पेशी दुभंगली की तिच्यासोबत त्याचीही प्रत निघते. म्हणून भार मोजायचा तो शंभर पेशींमागे किती पेशींत विषाणू आहे असा. कागोशिमात दोनशे रुग्ण आणि त्याहून अधिक वाहक यांची तुलना झाली तेव्हा रुग्णांमधला भार वाहकांच्या सोळापट निघाला. भार शंभरात एकाच्या वर गेला की आजाराची शक्यता झपाट्यानं वाढते. मार्टिनिकमध्ये जास्त भार असलेल्यांचा आजार जलद पुढे सरकला हेही खरं. तरीही प्रचंड भार घेऊन आयुष्य धडधाकट काढणारे वाहक आहेत आणि मध्यम भार असलेले वेगवान रुग्णही आहेत. रक्तातला भार म्हणजे दाहाला लागणारं इंधन किती साठलं आहे याचा अंदाज. त्याला मज्जारज्जूत आग लागली आहे का, हे रक्त सांगत नाही.

ते सांगायला मज्जारज्जूकडेच जावं लागतं. जपानमधल्या शवविच्छेदनांतून या आजाराचा कालक्रम उलगडला. आजाराला थोडीच वर्षं झालेल्यांच्या मज्जारज्जूत, मुख्यतः छातीच्या भागात, सीडी४ आणि सीडी८ अशा दोन्ही प्रकारच्या टी-पेशींची दाट गर्दी आढळली. आजार जुना होत गेला तशी ती गर्दी विरळ होत सीडी८ पेशींपुरती उरली. बऱ्याच वर्षांनी दाह जवळजवळ विझलेला आणि मज्जारज्जू आक्रसलेला दिसला. म्हणजे इजेचा मोठा भाग सुरुवातीला होतो. रोजच्या तपासणीतही बऱ्याच रुग्णांचा आलेख आधी उतरून मग सपाट होत गेलेला दिसतो. दाहाचं यंत्रही आता बऱ्यापैकी समजलं आहे. विषाणूग्रस्त टी-पेशी मज्जारज्जूत शिरून गॅमा इंटरफेरॉन सोडतात. तिथल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी त्याला प्रतिसाद म्हणून सीएक्ससीएल१० हे रसायन बनवतात. त्याच्या मागावर आणखी टी-पेशी येतात आणि त्याही इंटरफेरॉन सोडतात. एकदा फिरू लागलेलं हे चक्र स्वतःला पोसत राहतं. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी ५३ रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात निरनिराळ्या गोष्टी मोजून त्या आजाराच्या वेगाशी ताडून पाहिल्या, तेव्हा वेगाशी सगळ्यांत घट्ट नातं दिसलं ते सीएक्ससीएल१० आणि निओप्टेरिन या दोन रसायनांचं. रक्तातला विषाणूभार त्यांच्या मागे पडला. जपानच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनं आजाराची सक्रियता ठरवताना या दोन मोजमापांना मध्यवर्ती जागा दिली, ती यामुळेच.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत कठीण आक्षेप प्रत्यारोपणाच्या रुग्णांकडून येतो. फ्रान्समध्ये हृदय बदललेल्या एका रुग्णाला शस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून हा विषाणू आला आणि काही महिन्यांतच त्याचे पाय ताठ झाले. हा अहवाल १९९० चा. २००३ मध्ये स्पेनमधून एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या तिघांना दोन वर्षांच्या आत हा आजार जडल्याची नोंद आली. जपानमध्ये विषाणू असलेल्या दात्याचं मूत्रपिंड विषाणू नसलेल्या १० जणांना मिळालं, त्यांतल्या ४ जणांना हा आजार झाला. आयुष्यभराचा धोका फार तर शंभरात चार असताना इथे तो दहात चार आहे. आता या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. दाहच जर गती ठरवत असेल, तर दाह दाबणाऱ्या औषधांच्या सावलीत आजार मंद हवा होता, उलट तो सुसाट का सुटला? उत्तर सीडी८ पेशींच्या दुहेरी भूमिकेत आहे. याच पेशी विषाणूग्रस्त पेशींना मारून भार खाली ठेवतात. एचएलए-ए०२चं संरक्षण याच कामगिरीतून येतं असं मानलं जातं. पण मज्जारज्जूत शिरल्यावर त्याच पेशी नुकसान करतात. नव्यानं लागण झालेल्या शरीरात ही फौज अजून तयारच झालेली नसते. त्यात औषधांनी तिचे हात बांधले, तर विषाणूग्रस्त पेशी मोकाट वाढतात, आणि मग उशिरा पण मोठ्या साठ्यावर दाह सुरू होतो. बाळपणी दुधातून आलेल्या लागणीत शरीराला दशकानुदशकं जुळवून घ्यायला मिळतात. रक्तातून आलेल्या लागणीत एकदम मोठी मात्रा येते. म्हणून लागणीचा मार्ग गतीवर परिणाम करतो, पण तो दाहामार्फतच करतो. हे उत्तर पुरं आहे असा माझा दावा नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत पाठीतल्या पाण्याची पद्धतशीर मोजमापं फार थोडी झाली आहेत. पण आक्षेप म्हणणं मोडत नाही, त्याला एक पायरी जोडतो. व्यवहारात मात्र अर्थ सरळ आहे. जपाननं १९८६ मध्येच दान केलेल्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी सुरू केली. भारतातल्या रक्तपेढ्यांना ती सक्तीची नाही, आणि तुरळक लागण पाहता प्रत्येक पिशवीसाठी तिचा खर्च वादाचा ठरेल. पण अवयवदात्याची तपासणी वेगळी मोजली पाहिजे: तिथे संख्या थोडी आहे आणि चुकीची किंमत फार मोठी.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. आजार कधी सुरू झाला हे रुग्णाच्या आठवणीवरून ठरतं, आणि घाईच्या लघवीला सुरुवात म्हणायचं की पहिल्यांदा पाय अडखळला तेव्हाला, यावर वेग दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. रुग्णालयात येतात तेही जास्त त्रास असलेले. हे दोन्ही दोष जुन्या अभ्यासांत आहेत आणि वर दिलेले आकडे त्या सावधपणानंच वाचायला हवेत. ओसामे यांची शून्य ते तेरा अशी मोजपट्टी सोपी आहे: चार म्हणजे जिन्यात कठडा लागतो, पाच म्हणजे चालायला एक काठी, सहा म्हणजे दोन्ही हातांना आधार, आणि तेरा म्हणजे पायाची बोटंही हलत नाहीत. पण दोन पायऱ्यांच्या मधे कित्येक वर्षं दडून राहतात. लंडनमधल्या ४८ रुग्णांच्या दीर्घ मागोव्यात म्हणून साधं मोजमाप वापरलं गेलं. दहा मीटर अंतर चालायला किती सेकंद लागतात, ते प्रत्येक भेटीत घड्याळ लावून पाहायचं. सरासरीनं ते दर वर्षी दोन सेकंदांनी वाढत गेलं. असं मोजलं की आठवणीवर विसंबावं लागत नाही, आणि सरासरीत लपलेले दोन्ही टोकांचे रुग्ण वेगळे दिसू लागतात. जपानमध्ये २०१२ पासून चालणारी रुग्णनोंदणीही याच दिशेची आहे. एचआयव्ही किंवा स्ट्राँगिलॉइडिस जंताची जोडलागण गती वाढवते का, यावरचे निष्कर्ष आज विस्कळीत आहेत ते मुख्यतः अशा सलग मोजमापांच्या अभावी.

उरतो तिसरा आक्षेप: सीएक्ससीएल१० हा आगीचा धूर असेल, आग नसेल. याला उत्तर उपचारांच्या चाचण्यांतूनच मिळू शकतं, आणि थोडंफार मिळालंही आहे. लंडनमध्ये १६ रुग्णांना झिडोव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन ही विषाणूविरोधी औषधं देऊन पाहिली गेली. ना विषाणूभार घटला, ना चाल सुधारली. विषाणू पेशींच्या दुभंगण्यातून वाढत असल्यानं नव्या पेशींना होणारी त्याची लागण रोखणारी औषधं इथे कुचकामी ठरणं समजण्यासारखं आहे. जपानमध्ये विषाणूग्रस्त पेशींवरच हल्ला करणारं मोगामुलिझुमॅब हे औषध २१ रुग्णांना दिलं गेलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले: रक्तातला विषाणूभार सुमारे ६५ टक्क्यांनी उतरला, पाठीतल्या पाण्यातलं सीएक्ससीएल१०ही उतरलं, बहुतेकांचा ताठरपणा कमी झाला. पण चालण्याची क्षमता सुधारली ती जेमतेम एकतृतीयांश रुग्णांची. हा विरोधाभास नाही. ताठरपणा चालू दाहाचा भाग आहे, तर गेलेले मज्जातंतू परत येत नाहीत. स्टेरॉइडबद्दलचा दशकांचा गोंधळही इथेच सुटतो. जुन्या आजारात ते देणं म्हणजे विझलेल्या चुलीवर पाणी ओतणं. जलद आणि मंद रुग्ण एकत्र मिसळून चाचणी केली की फायदा सरासरीत बुडून जातो. जपानी चाचण्यांनी अलीकडे रुग्णांची विभागणीच वेगानुसार केली, जलद रुग्णांना शिरेतून मोठी मात्रा आणि मंद रुग्णांना तोंडावाटे कमी मात्रा, आणि माझ्या मते उपचारांच्या संशोधनातला गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यांत महत्त्वाचा बदल आहे. रुग्णसंख्या अजून थोडी आहे आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्याचं मोल हाडांना आणि साखरेला मोजावं लागतं. म्हणूनच ज्यांच्या मज्जारज्जूत दाह उरलेला नाही, त्यांना ते न देणं हाही या मोजमापाचाच फायदा.

अडचण अशी की हा आजार जिथे जास्त आहे तिथे हे मोजमाप नाही. सीएक्ससीएल१० आणि निओप्टेरिनची नेहमीच्या कामात तपासणी जपानबाहेर क्वचितच होते. लिमा, साल्व्हादोर, मशहद, कोलंबियाचा किनारा इथले बहुतेक रुग्ण पहिल्या लक्षणानंतर कित्येक वर्षांनी निदानापर्यंत पोचतात, म्हणजे उपचारांचा खरा उपयोग होण्याचा काळ सरल्यावर. या दोन रसायनांची स्वस्त तपासणी तयार होणं आणि लघवीच्या घाईची तक्रार घेऊन आलेल्या वाहकाकडे मूत्ररोगतज्ज्ञानं मज्जारोगाच्या शंकेनं पाहणं, या दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. त्या होईपर्यंत दवाखान्याच्या बोळात आखलेली दहा मीटरची रेघ, एक घड्याळ, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तोच आकडा त्याच कागदावर लिहिण्याची शिस्त, एवढ्यावर वेगवान रुग्ण ओळखता येतो. पाठीतलं पाणी कुणाचं आधी तपासायचं आणि मोजकी औषधं कुणाला आधी द्यायची, हे त्या कागदावरून ठरवता येतं.